नवसाला पावणारे, संदर्भ हवा

मराठी विकिपीडिया सुरू झाला 1 मे 2003ला. महाराष्ट्र दिनाचाच मुहूर्त, तेव्हा अभिमान ओघाने आलाच. तो एवढा की आजही मंडळी लेख सुधारायला बसतात ती विशेषणांचं पोतं घेऊनच.

कुठल्याही तालुक्यातल्या लहानशा गावाचं पान उघडा. मथळे ओळीने मांडलेले: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. खाली बहुतेक ठिकाणी शुकशुकाट. हवामान तेवढं भरलेलं असतं, पण तेच शब्द शेजारच्या गावालाही लावलेले.

मग एखाद्या भूमिपुत्राची नजर पडते. नोकरी पुण्यात, वार रविवार, जेवण झालेलं. तो 'संपादन' दाबतो आणि लिहितो: 'निसर्गाच्या कुशीत वसलेल्या या गावाला गौरवशाली परंपरा लाभली असून येथील ग्रामदैवत नवसाला पावणारे आहे.' झाला लेख चकाचक! दोन दिवसांनी कोणीतरी त्या वाक्याच्या शेपटाला 'संदर्भ हवा' असं डकवून जातं आणि भूमिपुत्र खवळतो. देव पावल्याची पावती आणायची कुठून?

आणूच नये. वाक्य काढावं. त्या जागी यात्रा कोणत्या तिथीला भरते ते लिहावं, जिल्हा गॅझेटियरमध्ये असेल तर पान क्रमांक द्यावा. 'सध्याची लोकसंख्या' म्हणून 2011च्या जनगणनेचा आकडा खपवू नये. पुढे साल लिहावं. पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं देऊळ अगदी ठेवायचंच असेल, तर 'अशी आख्यायिका आहे' हे तीन शब्द जोडावेत. पांडवांची हरकत नसावी.

छापील आधार लागतो हे कळलं की हुशार मंडळी पुढची पायरी गाठतात. बातमीदार गावाची माहिती विकिपीडियावरूनच उचलतो, बातमी छापून येते, आणि आठवड्याभरात तीच बातमी लेखाखाली संदर्भ म्हणून विराजमान होते. थापेला आता दोन साक्षीदार, दोघेही एकाच घरचे. (यात आमच्या धंद्याचा हातभार आहे, नाकारण्यात अर्थ नाही.)

नेत्यांची पानं तर विचारूच नका. निवडणूक जवळ आली की 'कार्यसम्राट' आणि 'विकासपुरुष' रातोरात उगवतात. कार्यकर्त्यांच्या गावी नसतं की पानाच्या डोक्यावरच 'इतिहास' नावाची कळ आहे. कोणत्या खात्यावरून, किती वाजून किती मिनिटांनी काय घुसडलं, सगळं तिथे टिपलेलं. विशेषण उडवलं तरी घुसडल्याची नोंद राहतेच.

केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड काढले, तेव्हा छापलेली चूक छापलेलीच राहायची. तुम्हाला दुरुस्तीला दोन मिनिटं पुरतात. येत्या रविवारी आपल्या गावाचं पान उघडा, जमतील तेवढी विशेषणं काढा आणि निदान एक साल तरी घाला. आधारासकट.