चहासाठी पोखरलेला डोंगर

लोक परदेशी जाऊन राजवाडे पाहतात. मी सबस्टेशनं पाहतो. धबधबा दिसला की आमची ही कॅमेरा काढते आणि मी त्यातून किती मेगावॅट निघतील याचा हिशोब मांडतो. त्यामुळे वेल्समधलं लॅनबेरिस ठरवताना घरी मी "डोंगर, तळं, शिखरावर जाणारी चिमुकली गाडी" एवढंच सांगितलं. वीजकेंद्राचा उल्लेख सोयीस्करपणे गाळला.

गाडी खरंच होती. 1896 सालची, दातेरी रुळाची. इंजिन मागून डबा ढकलत स्नोडनच्या माथ्यावर नेतं. माथ्यावर धुकं इतकं, की शेजारी उभी असलेली बायको नुसती ऐकू येत होती. उतरताना तिचं मन रमावं म्हणून मी माहिती पुरवली : "उद्घाटनाच्याच दिवशी, असंच उतरताना, एक नंबरचं इंजिन दात्यांवरून सुटून खाली कोसळलं. तेव्हापासून इथे एक नंबरचं इंजिनच नाही!" डबे ब्रेक लागून थांबले होते, हे सांगायच्या आत तिने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, प्रेमाने.

खाली आल्यावर तिला तळ्याकाठी उभं केलं. "बघ, डिनॉर्विग!"

"कुठंय?"

"या डोंगराच्या पोटात."

दिसत काहीच नव्हतं, आणि तेच त्याचं मोठेपण! निसर्गाची शोभा बिघडू नये म्हणून पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीत 16 किलोमीटरचे बोगदे खणून सहा टर्बाइनं आत दडवली. तारासुद्धा जमिनीखालून नेल्या. आत नेणाऱ्या सहली बंद झालेल्या. मग भर पावसात डोंगराकडे बोट दाखवत मीच व्याख्यान सुरू केलं. रात्रीच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि मागणी उसळली की सोडायचं. सेकंदांत हजाराहून जास्त मेगावॅट!

"एवढी कसली घाई?"

"चहाची! टीव्हीवरचा सामना संपला की अख्खं ब्रिटन उठून विजेची किटली लावतं. 1990 च्या विश्वचषकात इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य सामन्यानंतर मागणी 2,800 मेगावॅटने उसळली. आपला सगळा कोयना प्रकल्प 1,960 चा!"

व्याख्यान संपलं तेव्हा गावातली चहाची दुकानं बंद झाली होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "कुणाचा चहा अडू नये म्हणून यांनी डोंगर पोखरला, आणि तुम्ही तो दाखवता दाखवता माझा बुडवलात."

मी समजावलं, की पाणी चढवायला लागलेल्या विजेपैकी इथेसुद्धा तीन चतुर्थांशच परत मिळते. थोडी घट कुठल्याही यंत्रणेत धरावीच लागते.

परतीच्या बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.