थर्मोस्टॅटवाले काकाजी

होळी झाली की नागपुरातले कूलर बाहेर निघतात. ताट्यांतलं जुनं गवत उपसलं जातं, नवं भरलं जातं, पंप बादलीत बुडवून "चालते का पाहा बरं" होतं, आणि सामान्य माणसाची उन्हाळ्याची तयारी तिथे संपते. काकाजींची तिथून सुरू होते.

हे काकाजी प्रतापनगरात असतात, मानेवाड्यात असतात, तुमच्याही गल्लीत असतील. आयुष्य विजेच्या खात्यात गेलेलं, चष्मा कपाळावर. ऊन लागू नये म्हणून बाकीचे लोक खिशात कांदा ठेवतात. काकाजी टेस्टर ठेवतात. त्यांना उकडत नाही, त्यांना 'बेचाळीस पॉइंट तीन' होतं. घामाने बनियन भिजली तरी आकडा पाहिल्याशिवाय ते वारा घालून घेत नाहीत. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश झालं होतं, हे ते नवतपा लागला की प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि त्यातल्या 'पॉइंट नऊ'वर थोडं थांबतात.

अशा माणसाचा मुलगा अमेरिकेतच असायचा. तो सुटीवर येताना भिंतीवर लावायची डबी घेऊन येतो: प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट. तिकडे एका यंत्राची गार हवा डक्टमधून घरभर जाते, प्रत्येक भागाला वेगळा थर्मोस्टॅट असतो, आणि जिथे गारवा पुरे झाला तिथली डक्टमधली झडप मिटते. काकाजींना हे ऐकून रात्री झोप येत नाही. सकाळी गच्चीवर डक्ट कूलर चढलेला असतो आणि पत्र्याच्या डक्टला तीन फाटे फुटलेले असतात: हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर.

मग वायरमन येतो. डबीच्या पाठीमागची आर, सी, वाय, जी अशी अक्षरं पाहून तो स्टुलावरून खाली उतरतो.

"काकाजी, आपल्याकडे एक फेज अन् एक न्यूट्रल. ह्या बाकीच्या वायरी कायच्या?"

"अबे, हे चोवीस व्होल्टवर चालते. दोनशे तीस दिलं तं धूर निघन. आर म्हणजे सप्लाय, सी म्हणजे वापसी, जी पंख्याची, वाय कम्प्रेसरची."

"पण कूलरले कम्प्रेसर कुठे अस्ते?"

काकाजी याच प्रश्नाची वाट पाहत असतात. वाय रिलेतून पंपाला, जी रिलेतून पंख्याला, मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर. हे सगळं त्यांनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आधीच काढून ठेवलेलं असतं. खरं सांगायचं तर जोडणी अगदी बरोबर असते. काकाजींची वायर कधी चुकत नाही.

चुकतं ते बाकीचं. डबी फॅरनहाइटमध्ये बोलते. दुपारी तिच्यावर १०८ आकडा उमटतो आणि आजी हात जोडतात. डबीतलं तयार वेळापत्रक अमेरिकेतल्या नोकरदाराचं: सकाळी आठला माणसं घराबाहेर, संध्याकाळी सहाला परत. म्हणजे भर दुपारी, अख्खं नागपूर खिडक्या लावून घरात पडलेलं असताना, डबी घर रिकामं समजून कूलर बंद ठेवते. वेळापत्रक बदलता येतं. पण काकाजी आधी माहितीपुस्तिका पूर्ण वाचणार, मगच बटणाला हात लावणार. शिवाय एकदा बंद झालं की डबी पाच मिनिटं पुन्हा चालू होऊ देत नाही, कम्प्रेसरच्या जिवासाठी. नसलेल्या कम्प्रेसरसाठी अख्खं कुटुंब पाच मिनिटं घाम पुसत बसतं.

हॉलमधली डबी नियमाप्रमाणे लावलेली असते: आतली भिंत, जमिनीपासून पाच फूट, ऊन नाही, थेट वारा नाही. फक्त खाली देव्हारा. तिन्हीसांजेला काकू दिवा लावतात, डबीला ऊब लागते, झडप उघडते, वारा सुटतो, दिवा विझतो. दिवा विझला की डबी गार पडते आणि कूलर थांबतो. काकू पुन्हा दिवा लावतात. काकाजी खुर्चीत बसून ही फेरी घड्याळ लावून मोजतात आणि म्हणतात, "पाह्यलं? सिस्टम एकदम बराबर काम करून राह्यली."

३० मे २०२४ हा त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. गल्ली हसली, काकाजी गंभीर झाले. सरकारी सेन्सर बिघडू शकतो, तर घरी दुसरा सेन्सर हवाच, असा त्यांनी निष्कर्ष काढला. दुसरा लागला. आता दोन डब्यांत दीड अंशाचा फरक आहे आणि घरात तिसऱ्या डबीची चर्चा चालू आहे.

खरी परीक्षा पावसात. कूलर गार करतो तो पाणी वाफ होऊन उडतं म्हणून. मे महिन्याची कोरडी हवा ते पाणी पटापट पिते. जून सरता सरता हवाच ओली होते, पाणी उडायचं थांबतं, आणि कूलर नुसता दमटपणा वाटत बसतो. थर्मोस्टॅटला ओलावा कळत नाही, त्याला फक्त अंश कळतात. मागितलेले अंश काही येत नाहीत, म्हणून तो दिवसरात्र कूलर चालवतो. पापड मऊ पडतात, मीठ पाझरतं, गाद्या चिकट होतात. "बंद करा हो ते!" असं काकू ओरडतात. काकाजी डबीकडे बोट दाखवतात: "अजून सेट पॉइंट कुठे आला?"

तरीही, अशा माणसाबद्दल वाईट बोलवत नाही. रात्री एक वाजता तुमच्या कूलरचा पंप बसला, तर दार वाजवावं असं घर त्यांचंच. टेस्टर घेऊन ते चपला न घालता येतात, पैसे घेत नाहीत, आणि पंप खरंच चालू करून देतात.

तेव्हा तुमच्याही घरी अशी डबी आलीच तर तीन पथ्यं पाळा. चोवीस व्होल्टची वस्तू दोनशे तीसला जोडू नका. देव्हाऱ्याच्या वर लावू नका. आणि काकाजींकडे सल्ला मागायला जाणार असाल, तर घरून जेवून निघा.