किट नको, पगार द्या

1996 साली पश्चिम केनियातल्या बुसिया भागात 25 प्राथमिक शाळांना सरकारमान्य पाठ्यपुस्तकं मिळाली. देणारी एक डच संस्था होती. हेतू चांगला होता आणि पुस्तकं ठरल्याप्रमाणे शाळांपर्यंत पोचलीही. नंतर पॉल ग्लेवी, मायकेल क्रेमर आणि सिल्वी मूलँ या अर्थतज्ज्ञांनी पुस्तकं मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतल्या मुलांचे गुण ताडून पाहिले. सरासरी गुणांत फरक दिसला नाही. वर्गात आधीच पुढे असलेल्या मोजक्या मुलांना तेवढा फायदा झाला.

पुस्तकं इंग्रजीत होती आणि तिथल्या बहुतेक मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. घरी मातृभाषा, बाजारात स्वाहिली, आणि हातात दिलेलं पुस्तक इंग्रजी. पुस्तक छापून, गाडीत घालून, शेकडो मैल नेऊन मुलाच्या हाती देईपर्यंत एक प्रश्न मागे राहिला: या मुलाला हे वाचता येतं का?

गरीब देशांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा देणाऱ्या जगातल्या बहुतेक फाउंडेशनांनी हा प्रश्न भिंतीवर लिहून ठेवावा. कारण चूक अजून तीच होते आहे, फक्त वस्तू बदलते. कधी दप्तर, कधी टॅबलेट, कधी रंगवलेली इमारत, कधी ‘डिजिटल क्लासरूम’चा फळा. वस्तूचं बिल मिळतं, वस्तूचा फोटो निघतो, वाटपाच्या कार्यक्रमाला पाहुणे येतात आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत पैसे खर्ची पडतात. देणाऱ्याच्या सगळ्या अडचणी वस्तूने सुटतात. मुलाची सुटत नाही.

पेरूचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ असायला हवं. तंत्रज्ञ निकोलस नेग्रोपाँटे यांनी 2005 मध्ये दावोसला मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली आणि जगभर टाळ्या पडल्या. प्रत्यक्षात यंत्र सुमारे 200 डॉलरला पडलं. पेरूच्या सरकारने अशी आठ लाखांहून अधिक यंत्रं घेतली. 2012 मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने ग्रामीण भागातल्या 319 शाळांची तपासणी प्रसिद्ध केली. गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत मुलांची प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही. गरीब देशाच्या शिक्षणखात्याचा एवढा पैसा गेला, आणि ज्यांनी हे स्वप्न विकलं त्यांना कुणी जाब विचारला नाही. मला याचा राग येतो. पैसा वाया गेला, त्याहून मोठं नुकसान त्या मुलांच्या वर्षांचं झालं. आठ वर्षांचं मूल पुन्हा आठ वर्षांचं होत नाही.

आता मुंबईकडे या. मुंबईचा संबंध इथे खरा आहे, कारण या प्रश्नावरचं जगातलं एक अव्वल उत्तर इथल्या वस्त्यांमध्ये तयार झालं. 1995 मध्ये माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’ सुरू केली ती झोपडपट्ट्यांतल्या बालवाड्यांपासून. पुढे तिचा ‘बालसखी’ कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चालला. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं. शाळेच्या वेळातले दोन तास ती त्यांना वेगळं बसवायची आणि त्यांना जिथून येत नव्हतं तिथून सुरुवात करायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 या काळात त्याची कसून तपासणी केली. गुण वाढले, आणि मागे पडलेल्या मुलांचे सगळ्यात जास्त वाढले. खर्च दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे 107 रुपये.

वडोदऱ्यात त्याच सुमारास संगणकाचाही प्रयोग झाला. सरकारने महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. शिकवणारं माणूस नाही म्हणून बरेचसे खोक्यातच होते. प्रथमने वस्तीतल्या तरुण-तरुणींना हाताशी धरलं, एका संगणकापुढे दोन मुलं बसवली आणि मुलाला जेवढं येतं तेवढ्यापासून सुरू होणारे गणिताचे खेळ दिले. गणित चांगलंच सुधारलं. म्हणजे यंत्राशी माझं वैर नाही. यंत्राशेजारी माणूस बसवायचा खर्च देणगीदाराच्या मनात असला की यंत्रही कामाला येतं. पण हा खर्च दर मुलामागे 722 रुपये होता, बालसखीच्या जवळजवळ सातपट.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. बालसखी थांबल्यानंतर वर्षभराने तपासलं तेव्हा कमावलेल्यातला बराच भाग ओसरला होता. तीन वर्षांचा प्रोजेक्ट करून ‘मॉडेल सिद्ध झालं’ म्हणत पुढच्या राज्यात निघून जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. वाचायला शिकलेल्या मुलालाही पुढच्या वर्षी कुणीतरी लागतं.

आणि आता त्या बालसखीबद्दल. तिला महिन्याला 500 ते 750 रुपये मिळायचे. मुंबईत, या शतकाच्या सुरुवातीला. जगभरच्या परिषदांमधून हा कार्यक्रम ‘कमी खर्चात मोठा परिणाम’ म्हणून वाखाणला गेला. त्या कौतुकात तिची मिळकत हा विषय फारसा आला नाही. या क्षेत्राची जी स्वस्ताई आपण साजरी करतो, तिचा भार एका मुलीने उचललेला असतो. अंगणवाडी सेविका, आशा, बालमित्र, ताई, दीदी, शिक्षणसेवक: नावं बदलतात, पण काम पूर्ण आणि मोबदला अर्धा हे सूत्र बदलत नाही. त्या मोबदल्याला पगार म्हणायचीही तयारी नसते. ‘मानधन’ म्हणायचं आणि तेही सहा महिन्यांनी द्यायचं. बालसखीची रक्कम तिप्पट केली असती तरी पेरूतल्या एका लॅपटॉपच्या पैशात कितीतरी मुलांची वर्षं भागली असती.

फाउंडेशनांचा एक लाडका शब्द ‘स्केल’. हजार शाळांत चाललं, आता लाख शाळांत न्या. कसं न्यायचं? शिक्षकांना प्रशिक्षण द्या, साहित्य द्या, झालं. बिहारने या समजुतीचा निकाल लावला आहे. 2008 च्या जूनमध्ये तिथे सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरं घेतली, मुलांना पातळीप्रमाणे बसवून वाचायला शिकवलं, आणि एका महिन्यात मुलं पुढे सरकली. शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य मिळालं, पण मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. कारण शाळेत अभ्यासक्रम संपवायचा असतो. चौथीच्या वर्गात चौथीचं पुस्तक, मग मूल अक्षरावर अडकलेलं असो वा शब्दावर. शिक्षक नालायक होते असं म्हणणाऱ्यांनी जूनचा निकाल पाहावा. तेच शिक्षक, तीच मुलं. हरियाणात 2012-13 मध्ये यावरून धडा घेतला गेला: शाळेच्या वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट केले, आणि केंद्र समन्वयक खरोखर वर्गात येऊन बसू लागले. वाचन सुधारलं.

केनियात याहून कडू अनुभव आला. कंत्राटी शिक्षक नेमण्याची एकच योजना काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने राबवली, काही शाळांत सरकारने. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, सरकारच्या शाळांत नाही. कागदावरची योजना एकच होती. फरक होता तो कोण नेमतं, कोण लक्ष ठेवतं, कोण पाठीशी उभं राहतं यात. यंत्रणेचं हे रोजचं, कंटाळवाणं काम कुठल्याही फंडरला आपल्या नावावर नको असतं. पण मुलं शिकतात ती त्याच कामामुळे.

आपल्याकडे हे फार आधी कुणाला कळलं होतं, ते सांगायला हवं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर गेली. साहित्य म्हणून बिया, खडे, शिंपले. त्या दोघींनी त्या कामाला आयुष्य दिलं. आज कुणी फाउंडेशनकडे असा प्रस्ताव घेऊन गेलं तर पहिला प्रश्न ‘एक्झिट स्ट्रॅटेजी काय?’ असा येईल. मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या हाती मराठी पुस्तक देऊन आपण बुसियाचीच चूक करतो, हेही कोसबाडच्या कामातून तेव्हाच शिकता आलं असतं.

मुंबईच्या वस्तीत घडलेली, पातळीप्रमाणे शिकवण्याची पद्धत आज आफ्रिकेत चालते आहे. झांबियात सरकारनेच ‘कॅच अप’ नावाने ती घेतली. तिसरी ते पाचवीच्या मुलांना सरकारी शिक्षक इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवतात, आणि शिकवतात ते पूर्व प्रांतात चिन्यांजामध्ये, दक्षिण प्रांतात चिटोंगामध्ये. मुलाची भाषा, मुलाची पातळी, रोजचा राखलेला तास. यात वाटप करण्यासारखं फारसं काही नाही.

आणि गरज केवढी आहे? जागतिक बँकेच्या 2022 च्या अंदाजानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या दहा मुलांपैकी सातांना साधा मजकूर वाचून समजत नाही. आपल्या ग्रामीण भागात ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. ही मुलं शाळेत जातात. पटावर त्यांची नावं आहेत, अंगावर गणवेश आहे, बहुतेकांकडे दप्तरही आहे. त्यात 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्थाच बंद केली आणि कित्येक देशांतले शाळांचे कार्यक्रम मध्येच तुटले. उरलेला प्रत्येक रुपया आता नेमका लागायला हवा.

या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे, त्यात मराठी मुलंमुलीही पुष्कळ आहेत, आणि त्यातले बहुतेक मनापासून आलेले आहेत. त्यांना माझं सांगणं आहे: मंजुरीची सही करण्याआधी एका शाळेत जा आणि एका मुलाशेजारी बसा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एवढाच एका पानाचा कागद पुरतो. मूल कुठे अडतं ते स्वतःच्या कानांनी ऐका. पंचतारांकित हॉटेलातल्या कार्यशाळेत जे कळत नाही ते पाच मिनिटांत कळेल.

आणि कंपन्यांच्या सीएसआर विभागांना. 2014 पासून मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामासाठी नफ्याचे दोन टक्के द्यायचा कायदा आहे, त्यातला मोठा वाटा शिक्षणावर जातो. प्रशासकीय खर्चावरची पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहे. गावात शिकवणाऱ्या ताईचा पगार त्यात बसवून कापू नका. प्रकल्प चालवण्याचा थेट खर्च नियमानेच त्यातून वगळलेला आहे. मार्च जवळ आला की किटच्या ऑर्डरी निघतात. या वर्षी ती ऑर्डर थांबवा. प्रस्तावात पहिली ओळ पगाराची लिहा, दर महिन्याच्या पाच तारखेला मिळणाऱ्या, किमान पाच वर्षं चालणाऱ्या. आणि अहवालात फोटोंऐवजी एकच तक्ता मागा: जूनमध्ये किती मुलं अक्षरावर होती, आणि मार्चमध्ये त्यातली किती गोष्ट वाचत होती.