चावी कुणाकडे?

तानसा धरण १८९२ पासून शहापूर तालुक्यात उभं आहे, भातसाही इथलंच. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळा तापला की इथल्याच पाड्यांवर टँकर फिरतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ज्याला कळते, त्याला कंपनीचा टीव्ही रेकॉर्डर समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. पेटी तुमच्या घरात, विजेचं बिल तुमचं, चावी मात्र कंपनीकडे. त्या पेटीतलं रेकॉर्डिंग दुसऱ्या पेटीत चालत नाही.

मजा अशी की अशा बऱ्याच पेट्यांच्या पोटात लिनक्सच असतं. अमेरिकेत १९९९ साली टिवो हा टीव्ही रेकॉर्डर आला तोच लिनक्सवर. कंपनीने लिनक्सच्या जीपीएल परवान्याच्या नियमाप्रमाणे सोर्स कोडही खुला केला. पण तो कोड बदलून परत घातला, तर पुढच्या पेट्या चालायलाच नकार देऊ लागल्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन इतके भडकले की २००७ च्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत याविरुद्ध खास तरतूद आली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी मात्र त्याचा गाभा जुन्याच परवान्यावर ठेवला. म्हणजे पेटीच्या चावीवर बसलेल्या राखणदाराची नोकरी शाबूत!

आपल्याकडे २००४ पासून दूरदर्शनची फुकट छत्री आहे, आजची फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही आणि बऱ्याच वाहिन्यांना कुलूपही नाही. मग रेकॉर्डर आपणच बनवू या. कल्याणहून एक जुना कॉम्प्युटर आणा. त्यात डिशची वायर जोडायचं डीव्हीबी कार्ड बसवा, वर डेबियन हे लिनक्स आणि रेकॉर्डिंगसाठी टीव्हीहेडएंड टाका. बाकीचा पसारा काढून टाका. साध्या वाहिनीला तासाला दीड-दोन जीबी लागतात, म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर अडीचशे तास सहज मावतात.

मुरबाडच्या भेंडीवाल्याला याची खरी गरज. भेंडी तोडून, खोकी भरून, वाशीची गाडी रवाना होईपर्यंत सह्याद्री वाहिनीवरचं ‘आमची माती आमची माणसं’ संपलेलं असतं. शेतीचा कार्यक्रम शेतकऱ्याला फुरसत नसताना लावायचा, ही अक्कल कुणाची, ते दूरदर्शनलाच ठाऊक.

शहरातला जाणकार सांगेल, दोन ट्यूनर लावा, एका वेळी दोन कार्यक्रम रेकॉर्ड होतील. अहो, आधी एका कार्यक्रमापुरती सलग लाईट तरी राहू द्या! इथे पहिलं काम बायोसमध्ये शिरण्याचं: वीज परतली की मशीन आपणहून सुरू झालं पाहिजे. जुलैत माळशेजकडे पाऊस कोसळू लागला की सिग्नलच बुडतो, त्यावर कुठल्याच सॉफ्टवेअरचा इलाज नाही. असं मध्येच तुटलं की एका कार्यक्रमाच्या तीन फाइली होतात. होऊ देत. त्या जोडायला एफएफएमपेग आहे, आणि त्यासाठी कुणाच्या कस्टमर केअरला फोन लावून ‘एक दाबा, दोन दाबा’ ऐकत बसावं लागत नाही.