अपग्रेडबुवा

आमच्या सिल्वासात टोकरखाड्याला एक बुवा आहेत. भजनी नव्हेत, अपग्रेडबुवा. संगणक दुरुस्ती, प्रिंट, झेरॉक्स असा त्यांचा गाळा. स्वभावाने पक्के जुन्या वळणाचे. चहा ठरलेल्या टपरीवरचाच, न्हावी लग्नाच्या आधीपासूनचा आणि स्कूटर अशी, की तिचे सुटे भाग शोधायला वापीपर्यंत जावं लागतं. नव्या दुकानातलं फरसाण ते आधी पाहुण्यांपुढे ठेवतात. पाहुणे दुसऱ्या दिवशी धडधाकट दिसले तर मग स्वतः खातात.

संगणकासमोर बसले की मात्र याच माणसाच्या अंगात वारं शिरतं.

गाळ्यातली यंत्रं लिनक्सवर चालतात, डेबियनवर. त्यात ज्याला जसं झेपेल तसं घ्यावं. 'स्टेबल' म्हणजे दोनेक वर्षांनी एकदा येणारी, तावूनसुलाखून निघालेली आवृत्ती. 'टेस्टिंग'मध्ये पुढच्या स्टेबलची उमेदवारी चालते. 'अनस्टेबल'मध्ये नवा माल रोज येऊन पडतो. आणि 'एक्सपेरिमेंटल'मध्ये, करणाऱ्याचीच ज्याबद्दल छाती होत नाही ते ठेवतात. आवृत्त्यांना नावं 'टॉय स्टोरी' चित्रपटमालिकेतल्या पात्रांची : 2023 ची बुकवर्म, ऑगस्ट 2025 ची ट्रिक्सी. अनस्टेबलचं नाव मात्र कधीच बदलत नाही. ते कायमचं 'सिड', म्हणजे चित्रपटात खेळण्यांचे हातपाय उपटणारं शेजारचं कार्टं. बुवांचा जीव या कार्ट्यावर.

खरं तर पॅकेजं आणणारा ॲप्ट हा प्रोग्राम भलता सावध. कुठला माल कुठून घ्यायचा याचे त्याच्याकडे गुण ठरलेले. नेहमीच्या भांडाराला 500, एक्सपेरिमेंटलला अवघा 1. नाव घेऊन मागितल्याशिवाय तिथलं काही तो आपणहून आणत नाही. आज्ञेतच भांडाराचं नाव घातलंत, तर त्याचे गुण थेट 990. हजाराच्या वर दिलेत, तर नवं काढून जुनं बसवायलाही तयार. बुवांनी हे गुण संसारातही लावले. मेव्हण्याला 1, बोलावल्याशिवाय यायचं नाही. सासूबाईंना 990. "आणि वहिनींना?" असं विचारलं तर आवाज खाली आणून म्हणाले, "एक हजार एक. तिने म्हटलं की मागे यावंच लागतं."

शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. शाळेची पोरं गाळ्यापुढे रांगेत उभी, आणि बुवांना फोटोच्या एका प्रोग्रामची एक्सपेरिमेंटलमधली आवृत्ती हवीच होती. पडद्यावर दोन याद्या आल्या, नव्याने येणाऱ्यांची आणि काढून टाकल्या जाणाऱ्यांची. बुवा पहिलीच वाचतात. दुसरी चांगली लांबलचक होती आणि तिच्यात छपाईचं सगळं बिऱ्हाड होतं. शेवटी ॲप्टने रीतसर विचारलं, पुढे जायचं का? तिथे नुसतं एंटर दाबलं तरी 'हो' धरतात. ही सोय करणाऱ्याने बुवांना पाहिलेलं नसणार.

"काका, प्रिंट?"

"दोन मिनिटं रे. जरा लायब्ररी जुळत नाहीये."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक डोकावलं. "शेठ, झेरॉक्स चालू छे?"

"झेरॉक्स चालू छे. बाकी बधुं अपग्रेडमां छे."

पोरांचे फॉर्म निघाले ते कोपऱ्यातल्या, वहिनींच्या बिलांच्या यंत्रावरून. ते स्टेबलवर आहे. प्रोग्राम जुने, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी येतात. शिवाय बिलांच्या पॅकेजवर वहिनींनी 'होल्ड' टाकून ठेवलाय, म्हणजे ते जागचं हलायचं नाही. मला विचाराल तर टोकरखाड्यातलं ते सर्वांत शहाणं यंत्र.

मार्च 2024 च्या अखेरीस एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा पॅकेजमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघडकीला आलं. डेबियनच्या टेस्टिंग, अनस्टेबल आणि एक्सपेरिमेंटल या तिन्ही ठिकाणी तो पोचला होता, स्टेबलपर्यंत नाही. वहिनींनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि नुसतं बुवांकडे पाहिलं.

"पण सापडला कुणाला?" बुवा उसळले. "आन्द्रेस फ्रॉइंडला! लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून तो खोदत बसला. आणि चालवत काय होता? सिड!"

यावर कुणाला बोलता येईना, कारण हे खरं होतं. बुवाही नुसती मोडतोड करून थांबत नाहीत. जे मोडेल त्याचा अहवाल डेबियनला धाडतात. इंग्रजीतच, पण सुरुवात सप्रेम नमस्कार, विनंती विशेषच्या थाटाची, मग प्रकृतीची चौकशी, आणि तिसऱ्या परिच्छेदात कुठे दोष.

परवा त्यांच्या मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा पुण्याचा, स्वतःची नवी कंपनी काढलेला. बुवांचा चेहरा पडला. "कायम नोकरीतला नाही मिळणार का कुणी? पेन्शनवाला?"

"अहो, मुलगा हुशार आहे. पोरीलाही पसंत आहे," वहिनी म्हणाल्या. "मग कळवू का होकार?"

"घाई कसली? आधी सहा महिने टेस्टिंगला ठेवू."