मंडळीतले तपासनीस

महाराष्ट्रातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत पाळक असतात, पास्टरेट कमिटी असते, खजिनदार असतो, आणि एक तपासनीस असतात. पहिल्या तिघांची नेमणूक किंवा निवडणूक होते. तपासनीस आपोआप होतात. घटनेत हे पद नाही, त्याला मुदत नाही आणि राजीनाम्याची सोय नाही. वय साठीच्या आसपास, नोकरी बहुधा शाळेतली, मिशन दवाखान्यातली नाहीतर जिल्हा परिषदेतली, आणि आता निवृत्त. बाई असल्या तर महिला मंडळाच्या माजी अध्यक्षा. काम एकच: मंडळीतल्या प्रत्येकाच्या आत्म्याची खबर ठेवणे. त्यातून स्वतःचा आत्मा तेवढा वगळलेला असतो, कारण त्याची खबर त्यांना आधीच आहे आणि ती चांगली आहे.

त्यांचा बाक ठरलेला असतो. अगदी पुढचा नाही, पुढून फक्त पाळक दिसतात. मागून तिसरा, मधल्या वाटेच्या कडेचा. तिथून दार दिसते, बायकांची बाजू दिसते आणि तरुण संघाच्या पोरांचे बायबलात दडवलेले मोबाइलही दिसतात. पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला आत आलेला माणूस आणि तिसऱ्या कडव्याला आलेला माणूस यांत त्यांच्या लेखी आध्यात्मिक फरक आहे. उपदेशात ढोंगाचा विषय निघाला की ते मान डोलावतात आणि मान डोलावता डोलावता ती हळूच डावीकडे वळवतात. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना ठरलेले वाक्य येते: “जय ख्रिस्त, पाळकसाहेब. आजचा उपदेश फार छान झाला. ज्यांना लागायला पाहिजे होता, ते नेमके आज आलेच नव्हते.”

शास्त्राचे ज्ञान कमी म्हणून असे होते, हा समज चुकीचा आहे. कुसळ आणि मुसळ मत्तयाच्या सातव्या अध्यायात आहे, हे तपासनीस झोपेतून उठवले तरी सांगतील. कुणाच्या डोळ्यात काय आहे, तेही सांगतील. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आणि जकातदार त्यांचा विशेष आवडता. दाखला वाचताना ते न चुकता जकातदाराच्या शेजारी जाऊन उभे राहतात आणि आपण त्या परूश्यासारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतात. दावीद राजाने गरिबाची एकुलती मेंढी लुबाडणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकली, तो संतापला आणि त्याने मेंढीची चौपट भरपाईही ठरवून टाकली. मग नाथान संदेष्ट्याने त्याला सांगितले की तो श्रीमंत म्हणजे खुद्द महाराजच. दावीदाला निदान नाथान भेटला. मंडळीत नाथानाचे काम तपासनीसच पाहतात, त्यामुळे जागा रिकामी नसते.

तपासनीस स्वतःला निर्दोष मानतात असेही नाही. ‘आपण सगळे पापीच,’ हे त्यांच्या तोंडून आठवड्यात कितीदा तरी निघते. उपासनेतल्या पापांगीकाराला सर्वांत खणखणीत आवाज त्यांचाच असतो. तो पापांगीकार अनेकवचनात असतो, हे त्यांच्या सोयीचे पडते. ‘आम्ही’ म्हटले की पाप सगळ्या मंडळीत वाटले जाते आणि माणशी वाट्याला फार थोडे येते. त्यांचा व्यवहार असा आहे: स्वतःचे पाप घाऊक, दुसऱ्याचे किरकोळ. स्वतःविषयी बोलताना ‘मानवी दुर्बलता’ एवढा एकच ठोक माल असतो. दुसऱ्याविषयी बोलताना तारीख, वार, रक्कम आणि कोणत्या टपरीवर, इथपर्यंत नगाचा हिशेब मिळतो.

या व्यवहाराची कसोटी उपवासकाळातल्या शिबिरात लागते. नव्या दमाचे पाळक कागदाच्या चिठ्ठ्या वाटतात: प्रत्येकाने स्वतःचा एक दोष लिहायचा, नाव घालायचे नाही, चिठ्ठ्या परातीत गोळा करून क्रुसापाशी जाळायच्या. सभागृहात शांतता पसरते. कुणी लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. एखादी बाई पदराने डोळे पुसते. तपासनीस पेन्सिलीचे टोक ओठांशी धरून बराच वेळ छताकडे पाहतात. दोष सापडत नाही म्हणून नव्हे; प्रामाणिकपणे शोधायला बसले की एक-दोन नक्की सापडतील आणि ते लिहावे लागतील, ही भीती असते. शेवटी ते लिहितात: ‘मी लोकांना फार लवकर माफ करतो.’ मग परात फिरू लागते. ती त्यांच्यापुढून जाते तेवढ्या अवधीत त्यांनी दोन जणांचे अक्षर ओळखलेले असते.

त्यांची खरी प्रतिभा दिसते ती घरगुती प्रार्थनासभेत. चहाटळपणा हे पाप आहे, हे त्यांना मान्य असल्याने ते कुणाविषयी बोलत नाहीत, फक्त प्रार्थना करतात. “हे दयाळू पित्या, ज्या बंधूचे नाव मी इथे घेत नाही, पण ज्याने गेल्या महिन्यात नवी मोटारसायकल घेतली आणि ज्याच्या आईला औषधासाठी धाकट्या मुलीकडे हात पसरावा लागतो, त्या बंधूला तू सुबुद्धी दे.” सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. ‘मोटारसायकल’ला अर्धे उघडतात, ‘धाकट्या मुली’ला सगळे उघडतात आणि ‘आमेन’ नेहमीपेक्षा जोरात होतो. यात असत्य काहीच नसते, निंदा म्हणावी तर ती देवापाशी झालेली असते, आणि सभेनंतरच्या चहाला विषय मिळालेला असतो.

प्रभुभोजनाच्या रविवारी काम वाढते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, भाकर खाण्याआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी अशी ताकीद दिली आहे. तपासनीस पुढच्या बाकाची परीक्षा करतात. कोण उठले, कोण बसून राहिले, नवरा उठला आणि बायको का नाही? शेवटच्या भोजनाच्या वेळी, तुमच्यातला एक जण मला धरून देईल असे प्रभूने सांगितल्यावर प्रत्येक शिष्याने ‘तो मी तर नाही ना’ असे विचारले होते. तपासनीस त्या मेजावर असते तर त्यांनी काहीच विचारले नसते. उत्तर त्यांना ठाऊक असते.

पैशाच्या बाबतीत ते फार बोलत नाहीत, फक्त ऐकतात. दानाची थैली फिरताना नाणे पडले की नोट, हे कानाला कळते. हंगामाच्या सणाला अर्पणातल्या भोपळ्यांचा, अंड्यांचा आणि कोंबड्याचा लिलाव होतो. कोंबडा कुणी चढ्या बोलीने घेतला आणि नाताळपर्यंत पैसे कसे दिले नाहीत, ही नोंद खजिनदाराच्या वहीत नसली तरी हरवत नाही.

हा प्रकार एकट्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. वसईच्या कॅथलिक गावांत पापनिवेदन धर्मगुरूंच्या कानात होते, त्यामुळे तपासनिसाला मजकूर मिळत नाही. पण कोण किती वेळ गुडघ्यावर होते हे रांगेतून दिसते आणि बाकीचे अंदाजाने भरता येते. गोव्यात कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, गेलेल्या माणसाविषयीही हेच.

वास्तविक ख्रिस्ती परंपरेने आत्मपरीक्षणाची साधने भरपूर करून ठेवली आहेत. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’ या पुस्तकात लोयोलाच्या इग्नेशियसने चक्क तक्ता दिला आहे. स्वतःचा एकच दोष निवडायचा. दर दिवसाला दोन रेघा. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या रेघेवर आणि रात्रीच्या जेवणानंतर दुसरीवर, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. मग दिवसाशी दिवस आणि आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. तपासनिसांना ही पद्धत मनापासून पटते. पाळकांच्या उपदेशातल्या चुकांसाठी त्यांनी ती केव्हाच सुरू केलेली असते.

त्याहून जुनी गोष्ट चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटातली. स्केतिस इथल्या मठवासीयांनी एका चुकलेल्या भावाचा न्याय करायला सभा बोलावली आणि अब्बा मोझेस या वृद्ध साधूला निरोप धाडला. तो येईना, फार आग्रह झाला तेव्हा पाण्याने भरलेले गळके मडके घेऊन आला. त्याचे म्हणणे असे, की माझी पापे अशी माझ्या मागे ठिबकत आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. सभेने त्या भावाला सोडून दिले. ही गोष्ट ऐकून तपासनीस हेलावतात. नंतर विचारतात, “मडकं मंडळीचं होतं का त्याचं स्वतःचं?”

मराठी ख्रिस्ती घरात तर आत्मपरीक्षणाचा नमुना कपाटातच असतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. स्वतःचे सोवळेओवळे, त्यातला हट्ट आणि तो सुटताना झालेली फजिती त्यांनी अशी सांगितली आहे की वाचणारा हसतो आणि सांगणारीही हसते. आपल्यावरच हसता येणे ही आत्मज्ञानाची बरीच पुढची पायरी आहे, आणि ती त्यांनी प्रवचन न देता गाठली. तपासनिसांकडे पुस्तकाची जुनी प्रत आहे. तिच्यातली खुणेची पट्टी मात्र लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या पानांवर सापडते.

तपासनिसांविषयी न्यायाने सांगायचे तर त्यांचे निरीक्षण सहसा चुकत नाही. आईच्या औषधांची गोष्ट खरी असते, कोंबड्याचे पैसेही खरोखरच थकलेले असतात. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढूच नये, असे प्रभूनेही म्हटलेले नाही. आधी आपले मुसळ काढले की नीट दिसेल आणि मग काढता येईल, असा क्रम सांगितला आहे. पुढे मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात रीतही दिली आहे: भाऊ चुकला तर प्रथम एकट्याने जाऊन त्याला एकट्याला सांगावे, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्यावे, तरीही नाहीच ऐकले तर मंडळीला कळवावे. तपासनीस तिसऱ्या पायरीपासून आरंभ करतात, दुसरीवर रमतात, आणि पहिली राहून जाते. मोटारसायकलवाल्या बंधूचा दोष त्याला एकट्याला सोडून मंडळीतल्या इतर सगळ्यांना सांगून झालेला असतो. त्याच्या घरी जाऊन ‘बाबा रे, आईकडे लक्ष दे’ असे म्हणायला हिंमत लागते, आणि तो उलटून ‘तुमचं काय?’ असे विचारण्याचा धोका असतो. पेत्राला हा धोका माहीत नव्हता. पुनरुत्थित प्रभूने नुकतेच त्याला मेंढरे सांभाळायला सांगितले होते. तेवढ्यात मागे वळून त्याने योहानाकडे पाहिले आणि याचे काय होणार म्हणून विचारले. त्याचे तुला काय करायचे आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याला जागच्या जागी मिळाले. म्हणजे ही खोड मंडळीच्या पहिल्या पिढीइतकी जुनी आहे.

तरीही मंडळ्या तपासनिसांना सांभाळून घेतात, आणि त्याला कारण आहे. मयतीच्या रात्री उजाडेपर्यंत बसणारे तेच असतात. कबरस्तानाच्या परवानगीसाठी नगरपालिकेत खेटे घालणारे तेच, आणि दोन रविवार न दिसलेल्या म्हातारीच्या दारात पहिली सायकल लागते तीही त्यांचीच. ती का आली नाही याची चौकशी करायला गेलेले असतात; पण ताप आहे असे कळले तर डॉक्टरलाही तेच घेऊन येतात.

हे वाचून ज्यांना आपल्या मंडळीतली दोन-तीन नावे चटकन आठवली असतील, त्यांनी ती पाळकांना कळवण्याची तसदी घेऊ नये. यादी त्यांच्याकडे पोचलेली आहे. तपासनिसांनीच दिली आहे, आणि त्यात कळवणाऱ्याचेही नाव आहे.