चिठ्ठी नको, साक्ष हवी

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी, अर्ज भरणारी मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘मॅडम, एलओआर कुणाचं घेऊ? सगळ्यात मोठं नाव कुणाचं?’ इथेच घोडं पेंड खातं. शिफारसपत्र म्हटलं की आपल्याला चिठ्ठी आठवते. साहेबांची, आमदारांची, कॉटसाठी, बदलीसाठी, हॉस्टेलच्या खोलीसाठी. चिठ्ठीवर सही कुणाची एवढंच बघतात, मजकूर कुणी वाचत नाही. रेसिडेन्सीच्या पत्राचा मात्र मजकूरच वाचतात. लिहिणाऱ्याने या मुलाला पेशंटपाशी काम करताना पाहिलंय का, हे शोधत वाचतात.

हे अर्ज ज्या ऑनलाइन यंत्रणेतून जातात त्या एरासवर एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात. फक्त चार! त्यातलं एक बाबांच्या मित्राचं आणि एक संस्थेच्या अध्यक्षांचं, जे डॉक्टरही नाहीत. निम्मी शिदोरी घरातच संपली.

माझ्या एका विद्यार्थिनीने शहरातल्या नामांकित सर्जनचं पत्र आणलं होतं. जाड कागद, वर पदव्यांची रांग. खाली तीन वाक्यं: मेहनती आहे, प्रामाणिक आहे, स्वभावाने चांगली आहे. बोनाफाईड सर्टिफिकेटात याहून जास्त मजकूर असतो. तिला इंटर्नल मेडिसिन हवं होतं आणि सरांनी तिला वॉर्डात एकदाही पाहिलेलं नव्हतं. मी विचारलं, मेडिसिनच्या पोस्टिंगला तुझ्यावर लक्ष कुणाचं होतं? म्हणाली, ‘एक सर होते, पण ते नुसते लेक्चरर आहेत.’

त्या नुसत्या लेक्चररला मी फोन लावला. त्यांना ती लगेच आठवली. चक्कर येऊन पडलेल्या एका आजींना रात्री दाखल केलं होतं. सगळे सीटी स्कॅनच्या मागे लागले होते. ही आजींच्या कॉटवर बसली, त्यांची औषधांची पिशवी उलटी केली आणि पाकिटं एकेक करून वाचली. ब्लडप्रेशरची एकच गोळी, दोन कंपन्यांची, दोन नावांची. आजी दोन्ही घेत होत्या, कारण एक गावातल्या डॉक्टरांनी दिली होती आणि एक तालुक्याच्या. हे तिने शोधलं, केसपेपरवर लिहिलं आणि सकाळी आजींच्या सुनेला पाकिटं दाखवून समजावलं. सरांनी हे सगळं पाहिलं होतं.

हे आहे पत्र. ते दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही. सर्जनसाहेबांना तर नाहीच.

आता त्या रोगाबद्दल, ज्याबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही. ‘ड्राफ्ट तूच करून आण, मी सही करतो.’ किती विभागांत हे वाक्य रोज ऐकू येतं! पत्र मागताना अर्जदाराला एक गोष्ट नोंदवावी लागते: हे पत्र वाचण्याचा हक्क मी सोडतो की नाही. अमेरिकेच्या १९७४च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं बघण्याचा हक्क दिला, तो हक्क अर्जदार इथे आपणहून सोडतो. लिहिणारा पत्र परस्पर अपलोड करतो. पत्राची किंमत यातूनच येते: मुलाने ते पाहिलेलं नाही, म्हणून लिहिणारा मोकळेपणाने लिहू शकला. आमच्याकडचा मुलगा हक्क सोडल्याची खूण करतो आणि आदल्या रात्री जागून स्वतःच लिहिलेलं पत्र सरांच्या टेबलावर ठेवतो. हा खोटेपणा आहे. दोष मुलाचा कमी, टेबलामागच्या माणसाचा जास्त. साडेचार वर्षं शिकवलं, वर्षभर इंटर्न म्हणून राबवून घेतलं आणि त्याच्याबद्दल एक पान लिहायला वेळ नाही?

शिवाय ते ओळखू येतं. एकाच कॉलेजातल्या तीन प्राध्यापकांची पत्रं एकाच सुरात, एकाच चुकीच्या इंग्रजीत आली की वाचणाऱ्याला सांगायला लागत नाही.

जानेवारी २०२२पासून स्टेप वनचा, म्हणजे अमेरिकेतल्या लायसन्स परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, आकडा गेला, उरला फक्त पास-नापास. पूर्वी आपली मुलं त्या तीन आकडी गुणांच्या जोरावर डोळ्यांत भरायची. तो आधार गेल्यावर पत्र वाऱ्यावर सोडून चालत नाही. इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांनी तर ठरावीक नमुनाच केलाय. बाकीच्या मुलांच्या तुलनेत हा कुठे बसतो, हे तिथे सांगावंच लागतं. गोड बोलून सुटका नाही.

अमेरिकेतल्या डॉक्टरांचं पत्र हवं म्हणून मुलं तिथे जातात, तेही योग्यच. पण ऑब्झर्वरशिपमध्ये पेशंटला हात लावता येत नाही. नुसतं उभं राहून पाहणाऱ्या मुलाबद्दल तिथले अटेंडिंग डॉक्टर काय लिहिणार? वेळेवर यायचा, प्रश्न चांगले विचारायचा. विद्यार्थी असतानाच, प्रत्यक्ष काम करू देणारी इलेक्टिव्ह मिळाली तर ती घ्या, त्यासाठी वर्षभर आधी हालचाल करा. पैसे भरा आणि पत्र घेऊन जा म्हणणाऱ्या एजन्सीच्या दारातही उभे राहू नका.

मागायचं कसं? पोस्टिंग संपण्याच्या आठवड्यात, समोर जाऊन. ‘माझं काम तुम्ही पाहिलंय, त्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल का?’ समोरचा घुटमळला तर आभार मानून निघा. पातळ पत्रापेक्षा सरळ नकार बरा. होकार मिळाला तर सोबत सीव्ही द्या आणि तुम्ही एकत्र पाहिलेल्या दोन-तीन पेशंटची आठवण करून द्या, नावं न घेता. आठवण द्यायची, वाक्यं नाही.

आणि माझ्या सहकाऱ्यांना हात जोडून सांगते. सप्टेंबरच्या शेवटी प्रोग्राम अर्ज उघडतात. एखाद्या मुलाबद्दल लिहिण्यासारखं काहीच आठवत नसेल, तर त्याला जूनमध्येच तोंडावर सांगा. दुसरं माणूस शोधायला त्याच्या हातात तीन महिने राहतील.